बाळंतिणीचा स्तनदाह : घरची काळजी आणि दवाखान्याची वेळ

जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात फोपनार हे गाव आहे. तापीच्या खोऱ्यातील या पट्ट्यात, सीमेच्या अलीकडे आणि पलीकडेही, केळी व कापूस ही महत्त्वाची पिके. आणि निंदणी, कापूसवेचणी यांसारखी कामे प्रामुख्याने स्त्रियांच्या हातून होतात. मजुरीवर घर चालणारी बाळंतीण पुष्कळदा सव्वा महिना उलटताच शेताची वाट धरते. बाळ सासूजवळ राहते. सकाळी पाजलेले बाळ पुन्हा आईच्या अंगाशी येते ते दिवस कलल्यावर. मधल्या काळात अंगात दूध तुंबते. स्तनदाह या दुखण्याची सुरुवात बहुधा अशा तुंबलेल्या दुधापासूनच होते.

हे दुखणे विरळ नाही. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५-९६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील ग्रामीण भागात ७७२ स्त्रियांच्या बाळंतपणाचा अभ्यास केला. त्यांपैकी शेकडा १८ हून अधिक स्त्रियांना बाळंतपणानंतर स्तनांच्या तक्रारी झाल्याचे आढळले. अर्थात् यांतील प्रत्येक तक्रार स्तनदाहाची नव्हती. तथापि दर पाच-सहा बाळंतिणींमागे एकीला असा त्रास व्हावा, ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी खचित नाही.

दुखणे कसे ओळखावे?

बहुधा एकाच स्तनाचा एखादा भाग कठीण होतो, सुजतो, ठणकतो आणि हाताला गरम लागतो. गोऱ्या त्वचेवर लाली उमटते. सावळ्या त्वचेवर ती दिसतेच असे नाही, म्हणून हाताच्या स्पर्शावर विश्वास ठेवावा. पाठोपाठ थंडी वाजून ताप येतो आणि अंग मोडून येते. बाळाने स्तन नीट तोंडात न धरणे, स्तनाग्राला चिरा पडणे, घट्ट चोळी, दोन पाजण्यांमधील दीर्घ अंतर किंवा पाजणे एकाएकी बंद करणे ही याची नेहमीची कारणे होत. चिरांवाटे जंतू आत शिरल्यास दाह वाढतो.

पाजणे थांबवू नये

अशा वेळी घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया ‘दूध नासले, बाळाला देऊ नकोस’ असे सांगतात. कोणी दृष्ट काढते, कोणी लेप लावते. त्यांची माया खोटी नसते. परंतु हा सल्ला मात्र घातक ठरतो. गाईला कासदाह झाला की तिचे दूध आपण फेकून देतो, आणि गोठ्यातील तोच नियम घरातही लावला जात असावा. वस्तुतः स्तनदाह झालेल्या आईचे दूध तिच्या निरोगी बाळाला अपाय करीत नाही. उलट पाजणे थांबले की दूध अधिक तुंबते, दाह चिघळतो व गळू होण्याचा धोका वाढतो. शिवाय बाळ हक्काच्या आहाराला मुकते ते वेगळेच. याला एक अपवाद आहे. एच.आय.व्ही. बाधित मातेने दुखऱ्या बाजूचे दूध काढून टाकावे, निरोगी बाजूने पाजावे आणि डॉक्टरांचा सल्ला त्वरित घ्यावा.

घरी काय करावे?

१. बाळ मागेल तेव्हा दोन्ही बाजूंनी पाजावे. दुखणे असह्य असल्यास प्रथम बऱ्या बाजूने सुरुवात करावी. बाळाच्या तोंडात केवळ स्तनाग्र नव्हे, तर भोवतालचा काळा भागही बराचसा जावा.

२. बाळ ओढत नसेल तर स्वच्छ हातांनी दूध काढून वाटी-चमच्याने पाजावे. मात्र बाळाच्या गरजेपेक्षा अधिक दूध पुनःपुन्हा काढू नये. त्याने दूध वाढते व सूजही वाढते.

३. पाजून झाल्यावर थंड पाण्यात पिळलेले फडके दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. तेल लावून जोराने चोळण्याची जुनी रीत सोडावी. त्यामुळे आतील सूज वाढते. बाळंतशेकाची शेगडीही दुखऱ्या भागाजवळ नेऊ नये.

४. ताप व ठणका यांवर पॅरासिटामॉलची गोळी परिचारिकेच्या सल्ल्याने घ्यावी. पाजणाऱ्या मातेस ती चालते.

५. चोळी सैल असावी. पाणी, पेज व नेहमीचे जेवण पोटभर घ्यावे. दोन-तीन दिवस विश्रांती मिळणे हाही उपचाराचाच भाग आहे, हे घरच्यांनी ध्यानात घ्यावे.

डाग देणे, गाठ सुईने टोचणे, तंबाखू-चुन्याचा लेप लावणे अथवा दूध आटविण्याच्या गोळ्या मनाने घेणे, हे कदापि करू नये.

दवाखाना केव्हा गाठावा?

चोवीस तासांत उतार न पडल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. ताप खूप चढला, स्तनाग्रातून पू आला, गाठ मऊ होऊन हलू लागली किंवा आईला गुंगी येऊ लागली, तर चोवीस तासही थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांनी प्रतिजैविक औषध दिल्यास बरे वाटले तरी ते पूर्ण दिवस घ्यावे. गळू झाल्यास पू डॉक्टरांनीच काढावा. दाह ओसरूनही गाठ राहिली तर ती अवश्य तपासून घ्यावी, कारण तिच्यामागे क्षयरोग किंवा अन्य विकार असू शकतो.

एक मोकळा काळ

घरी येऊन बाळ-बाळंतिणीची विचारपूस करणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या भेटी ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या असतात. त्यानंतरची नियोजित भेट बाळाच्या तिसऱ्या महिन्यात होते. मजूर स्त्री कामावर परतते ती नेमकी या मधल्या काळात. कारखाने व कचेऱ्यांतील पात्र स्त्रियांना २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे. शेतमजूर स्त्रीला ती मिळत नाही. बाळंतपणाच्या काळात बुडणाऱ्या मजुरीची काही भरपाई व्हावी म्हणून त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये मिळतात. ही रक्कम आईच्या विश्रांतीसाठी आहे, याचा विसर पडू नये.

तरीही कामावर जावेच लागले, तर निघण्यापूर्वी बाळाला पोटभर पाजावे. दुपारी एकदा बाळाला शेतात आणावे किंवा आईने घरी यावे. तेही न साधल्यास अंग जड होताच बांधावर आडोशाला थोडे दूध हाताने काढून टाकावे.

या मोकळ्या काळात आशा कार्यकर्ती दारी येईल तेव्हा येईल. पहारा मात्र घरानेच ठेवावयाचा आहे. शेतातून परतलेल्या सुनेचे अंग तापले असेल, तर सासूने तिच्या हातून बाळ काढून न घेता ते तिच्या कुशीत द्यावे, आणि दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल, असे नवऱ्याने आपण होऊन म्हणावे. गळू टाळण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.