आधी पंखा सांगा, मग मोटर

भिवंडीत मोटर म्हटली की मागाची मोटर. एक अश्वशक्ती, तीन फेज, मिनिटाला हजाराच्या आत फेरे. माझं रिवाइंडिंगचं दुकान तिच्यावरच चाललंय. पण गेली काही वर्षं एक वेगळंच गिऱ्हाईक दाराशी येतं. कॉलेजची पोरं, कधी त्यांचे हौशी बापही. हातात साडेतीन सेंटीमीटर व्यासाची काळीठिक्कर पडलेली ब्रशलेस मोटर. "काका, हिचं काही होईल का?"

पूर्वी या मोटरी ड्रोनमधून यायच्या. आता पाणबुडीतून येतात. माझगाव गोदीत बांधलेल्या कलवरी वर्गातल्या सहा पाणबुड्यांपैकी शेवटची, वागशीर, 15 जानेवारी 2025 ला नौदलात दाखल झाली, तेव्हापासून या पोरांना दुसरं काही सुचत नाही. खरी पाणबुडी साडेसदुसष्ट मीटर लांब. ही मंडळी तिच्या मॉडेलला एकास चाळीस प्रमाण धरतात, म्हणजे ते जवळपास एक मीटर सत्तर सेंटीमीटरचं. बुडालेल्या पाणबुडीचं वजन 1,700 टनांच्या वर, ते चाळीसच्या घनाने भागलं की मॉडेल भरतं सत्तावीस-अठ्ठावीस किलो. एवढं धूड बघून पोरांना वाटतं, मोटर दणदणीत पाहिजे. मग दुकानदार पाचशे वॅट लिहिलेलं खोकं पुढे करतो आणि पोरगं खूष.

इथेच सगळं बिघडतं. मी आता पाणबुडीवाला कोणीही आला की पहिला प्रश्न विचारतो, पंखा केवढा लावलायस? उत्तर बहुधा येतं, "तो अजून घ्यायचाय." म्हणजे दोराच ठरलेला नाही आणि मागाची मोटर घेऊन बसलाय.

हिशोब उलट्या टोकाने करावा लागतो. खऱ्या पाणबुडीचा पाण्याखालचा वेग ताशी 37 किलोमीटर धरा. मॉडेलला तो चाळीसने नाही, चाळीसच्या वर्गमुळाने भागायचा, तेव्हा मॉडेल पाण्यात खऱ्यासारखं दिसतं. येतो सुमारे सहा किलोमीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग. एवढ्या वेगाला गुळगुळीत, बुडालेल्या अंगाला पाण्याचा विरोध किती? माझ्या आकडेमोडीत पाच-सहा न्यूटन निघतो. पंख्याचं निम्मं काम वाया जातं असं धरलं तरी शाफ्टवर सतरा-अठरा वॅट पुरतात. बॅटरीतून पंचवीस-तीस. पाचशेचं खोकं कशासाठी घेतलं, ते आता तुम्हीच सांगा. पृष्ठभागावर लाट उठते म्हणून थोडं जास्त लागेल, वेग घेताना आणखी थोडं. शंभर वॅटच्या वर जायचं कारण मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

खरा आकडा खोक्यावर दुसऱ्या ओळीत असतो, तो म्हणजे केव्ही. एका व्होल्टला मोटर बिनभाराने मिनिटाला किती फेरे घेते, तो. विमानाच्या मोटरीवर बहुतेक वेळा 1000 च्या आसपास लिहिलेलं असतं. 12.8 व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी लावली की बिनभाराचे फेरे झाले 12,800. या मॉडेलला नव्वद मिलिमीटरचा पंखा धरला, तर त्याला लागतात साडेपंधराशेच्या आसपास. पंख्याची भूक फेऱ्यांच्या घनाने वाढते. फेरे दुप्पट तर ताकद आठपट, फेरे आठपट तर ताकद पाचशे बारा पट. म्हणजे आपले सतरा वॅट होतात साडेआठ किलोवॅटच्या वर, डझनभर मागांच्या मोटरी एकत्र जोडाव्यात तेवढे. मोटर अर्थातच तिथवर पोचत नाही. पोचायचा प्रयत्न करते, वायर तापते, वार्निश उकळतं आणि ती माझ्या टेबलावर येते.

"काका, आपण रिमोटची स्टिक थोडीच ढकलायची ना!" हा युक्तिवाद वरवर बरोबर वाटतो. मोटर वाचतेही, पण मग तिला वीज पुरवणारा कंट्रोलर मरतो. अर्ध्याहून कमी स्टिकवर बॅटरीवरचा मीटर दाखवतो दोन अँपिअर, आणि त्याच वेळी मोटरच्या तीन तारांतून अकरा वाहत असतात. कारण एका अँपिअरला किती पीळ मिळतो ते केव्हीच्या उलट चालतं: 9.55 भागिले केव्ही, उत्तर न्यूटन-मीटरमध्ये. 1000 केव्हीला शंभरावा हिस्साही नीट नाही, आपल्याला लागणाऱ्या दीडशे केव्हीला त्याच्या साडेसहापट. तांबं तेवढंच असेल तर वाइंडिंगची गरमी दोन्हीकडे सारखीच राहते, हे खरं; मार खातो तो बिचारा कंट्रोलर. आणि तो असतो मॉडेलच्या आतल्या बंद अॅक्रिलिकच्या नळीत, जिथे वारा नाही, पाणी नाही. अॅक्रिलिकमधून उष्णता जवळजवळ जातच नाही. म्हणून कंट्रोलर नळीच्या अॅल्युमिनियमच्या झाकणाला आतून थर्मल पेस्ट लावून घट्ट बसवा. बाहेरचं पाणी फुकट थंड करतं. पाण्याचे पाइप नळीत घ्यायच्या नादी लागू नका.

आता माझ्या धंद्यातलं. जुनी मोटर फेकण्याआधी तिची जोडणी बघा. डेल्टा असेल आणि स्टार केली, तर केव्ही 1.73 ने उतरतो. 1000 ची होते 580. वेढे दुप्पट केले की केव्ही निम्मा, मात्र तार निम्म्या क्षेत्रफळाची घ्यावी लागते, नाहीतर खाचेत मावणार नाही. स्टार करून चौपट वेढे दिले तर आपण 145 च्या आसपास येतो. मागाच्या मोटरीपेक्षा हे काम किचकट, दात बारीक असतात आणि नख लागून एनॅमल सोललं की सगळं पुन्हा. नवीनच घ्यायची असेल तर इलेक्ट्रिक स्केटबोर्डची दीडशे केव्हीची मोटर घ्या. जड असते, पण पाणबुडीत एरवीही तळाला शिसं घालतोच की. फक्त शेपटीकडचं वजन नाकाकडे सावरायला विसरू नका. तिसरा मार्ग, छोटी वेगवान मोटर आणि दातेरी पट्ट्याने एकास सहा किंवा आठ कपात. चालतं, पण पट्टा कुरकुरतो आणि पाणबुडीत आवाज मला खपत नाही.

मोटरीत हॉल सेन्सर असले तर सोनं. सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर थांबलेली असताना तिच्या चुंबकाची जागा कंट्रोलरला कळत नाही; ती सुरुवातीला अडखळते, मागेपुढे हिसके देते. विमानात चालून जातं. पाणबुडीला मात्र किनाऱ्याजवळ हळू पुढे, हळू मागे करायचं असतं. कंट्रोलर दोन्ही दिशांना फिरवणारा हवा, विमानाचा नको. विमानाच्या कंट्रोलरचं आणखी एक वैगुण्य, बॅटरी उतरली की तो स्वतःहून मोटर बंद करतो.

वऱ्हाळादेवी तलावावर मी पाहिलेला प्रसंग याहून वाईट होता. विसर्जनानंतरचे दिवस, पाण्यात हारांचे दोरे. दोरा शाफ्टला गुंडाळला, पंखा अडला, कंट्रोलर जळाला. रिसीव्हरला वीज त्याच कंट्रोलरमधून होती. रिसीव्हर मेला, टाकीतलं पाणी बाहेर ढकलणारा पंपही मेला आणि पाणबुडी गुपचूप तळाला बसली. पोहणाऱ्या पोरांनी चाचपडत काढली. रिसीव्हर आणि बॅलास्ट पंप यांना वेगळी छोटी बॅटरी द्या, सिग्नल तुटला की पंप आपोआप सुरू व्हायला हवा. बॅटरीकडून मोटरच्या कंट्रोलरला जाणाऱ्या वायरीत दहा अँपिअरचा फ्यूज टाका. तो गेला तर बाकी सगळं जगतं. रेडिओ 27 मेगाहर्ट्झचा ठेवा, 2.4 गिगाहर्ट्झ पाण्याखाली काही सेंटीमीटरच्या पुढे जात नाही. अँटेना मोटरच्या तीन तारांपासून लांब. आणि काल्हेर-कशेळीच्या खाडीत नेऊ नका. खाऱ्या पाण्याखाली मॉडेलचा कोणताही रेडिओ टिकत नाही.

काही जण मोटर नळीबाहेर पाण्यातच ठेवतात, कारण ब्रश नसल्याने ठिणगी नाही, कॉइलवर एनॅमल आहे. गोड्या पाण्यात खरंच चालते. बेअरिंग आणि चुंबक मात्र गंजतात. दर वेळी घरी आणल्यावर स्वच्छ पाण्याने धुवा, वाळवा, बेअरिंगला तेलाचा थेंब द्या, आणि बेअरिंगचा नंबर वहीत लिहून ठेवा.