पाळीबद्दल विचारणारा कोच शोधा

आइंडहोव्हन, अ‍ॅमस्टेलव्हेन, द हेग इथल्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास येतो. मुलगी चौदा वर्षांची. शाळेच्या शर्यतीत पहिली आली आणि अ‍ॅथलेटिक्स क्लबचा ट्रेनर म्हणाला, हिच्यात दम आहे. आता अभ्यासाचं काय? आणि यात करिअर आहे का?

करिअरचं आधी सांगून टाकते. निव्वळ धावून घर चालवणाऱ्या मुली नेदरलँड्ससारख्या खेळवेड्या देशातही मोजक्याच. त्यामुळे पदकाच्या भरवशावर कसलंच गणित मांडू नका. पण धावणं चालू ठेवावं का, असं विचारलंत तर माझं उत्तर ‘हो’ आहे, आणि ते बिनघाईने चालू ठेवावं.

घाई का नको, हे सिफान हसनकडे बघितलं की कळतं. 2008 साली इथिओपियातून निर्वासित म्हणून ती इथे आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. त्याआधी नेदरलँड्सच्या कुठल्याच ट्रॅकला तिचं नाव ठाऊक नव्हतं. आइंडहोव्हनमध्ये नर्सिंग शिकता शिकता ती धावू लागली. टोकियोत 2021 साली सकाळी 1500 मीटरच्या प्राथमिक फेरीत शेवटच्या फेरीला पडली, उठून ती शर्यत जिंकली आणि त्याच संध्याकाळी 5000 मीटरचं सुवर्ण घेतलं. पॅरिसमध्ये 2024 साली 5000 आणि 10000 मीटरला कांस्य मिळवून वर मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा ती 31 वर्षांची होती. आपल्या साताऱ्याच्या ललिता बाबरनेही रिओत स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली ती सत्ताविसाव्या वर्षी. लांब पल्ल्याच्या धावपटू बाईचे खरे दिवस पंचविशीच्या आसपास सुरू होतात. तेरा ते अठरा ही वर्षं हाडं भरण्याची आहेत. आयुष्यभर पुरायची हाडांची ताकद बहुतांशी विशीच्या आतच साठते. त्या काळात शरीराला उपाशी ठेवलं तर पुढे ती भरून काढणं फार कठीण.

उपाशी? आमच्या घरी? असं म्हणाल. पण नेदरलँड्समधल्या एखाद्या शाळकरी धावपटूचा दिवस नीट बघा. सकाळी समोरच्या वाऱ्याशी झगडत सायकलने शाळा. डब्यात चीज लावलेले ब्रेडचे दोन स्लाइस, त्यातला एक तसाच परत. दुपारी पुन्हा सायकल. साडेसहाला ट्रॅकवर सराव, घरी येऊन जेवायला साडेआठ. हे सायकल चालवणं कुणी व्यायामात धरतच नाही. त्यात नवरात्राचे उपवास आले. मुलगी बारीक होते, सुरुवातीला टायमिंगही सुधारतं, आणि घरचे खूश. ‘बघ, कशी छान सडसडीत झाली!’ या वाक्याने जितकं नुकसान होतं तितकं चिखलातल्या क्रॉसकंट्रीनेही होत नसेल.

खर्च जास्त आणि खाणं कमी झालं की शरीर जिथे जमेल तिथे काटकसर करतं. पाळी लांबते, मग थांबते. इस्ट्रोजेन घटलं की हाडं ठिसूळ होऊ लागतात. नडगीत किंवा पावलात स्ट्रेस फ्रॅक्चर होतं, सर्दी-खोकला पाठ सोडत नाही, चिडचिड वाढते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 साली या सगळ्या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. अमेरिकेची मेरी केन सतराव्या वर्षी जागतिक स्पर्धेच्या 1500 मीटर अंतिम फेरीत धावली होती. वजन कमी कर म्हणून कोचकडून सतत दबाव होता, तीन वर्षं पाळी आली नाही आणि पाच हाडं मोडली, असं तिने 2019 साली जाहीरपणे सांगितलं. खेळाडू मुलींची पाळी जातेच, असं सांगणारा कोच भेटला तर तिथून निघा. पंधरावं संपेपर्यंत पाळी सुरूच झाली नाही, किंवा सुरू होऊन सलग तीन महिने आली नाही, तर डॉक्टरकडे जायचं.

इथला हाउसआर्ट्स, म्हणजे फॅमिली डॉक्टर, पॅरासिटामोल देऊन ‘वाट बघा’ म्हणेल, हा विनोद आपल्या लोकांत जुना झाला. तेव्हा मोघम ‘थकते हो’ म्हणू नका. पाळीच्या तारखा लिहून न्या. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासा म्हणून सांगा, कारण हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो. शाकाहारी घर असेल तर बी-12ही बघून घ्या. इथल्या हिवाळ्यात सावळ्या कातडीला ड जीवनसत्त्वाची गोळी लागतेच. गरज पडली तर स्पोर्टआर्ट्सकडे, म्हणजे क्रीडावैद्यक तज्ज्ञाकडे, जायला चिठ्ठी मागा. 2014 पासून क्रीडावैद्यक ही या देशात मान्यताप्राप्त वैद्यकीय शाखा आहे.

खाण्याचा उपाय मात्र आपल्या स्वयंपाकघरातच आहे. सरावाच्या तासभर आधी तूप-गूळ लावलेल्या पोळीची गुंडाळी किंवा केळं, आणि सराव संपताच तिथेच डब्यातला दहीभात. उसळ-भाकरी मग घरी. धावणाऱ्या मुलीला उपवास माफ, हे आजीला तुम्हीच सांगायचं आहे.

अजून एक गोष्ट वडिलांनी विशेष लक्षात ठेवावी. चौदा-सोळाच्या सुमारास पुष्कळ मुलींचं टायमिंग अडकतं. उंची वाढते, कंबर रुंदावते, अंग भरतं. हा वाढीचा भाग आहे, आळस नव्हे. चांगला ट्रेनर या दोन वर्षांत किलोमीटर वाढवण्याच्या मागे लागत नाही. उड्या, अडथळे, ताकदीचे व्यायाम करून घेतो. इथल्याच धावपटू फेम्के बोलने 400 मीटर अडथळ्यांत जग जिंकून झाल्यावर पंचविसाव्या वर्षी 800 मीटरकडे वळायचं ठरवलं. अंतर वाढवायला उशीर होत नाही.

अभ्यासाची चिंता रास्त आहे, पण तिची सोयही इथे आहे. क्रीडासंघटनेकडून टॅलेंटचा अधिकृत दर्जा मिळाला तर टॉपस्पोर्ट टॅलेंटस्कूल प्रकारच्या शाळा वेळापत्रक आणि परीक्षा जुळवून देतात. पुढचा टप्पा आर्नहेमजवळच्या पापेन्दालसारख्या केंद्रांचा. तिथे सराव आणि शिक्षण एकत्र चालतं. दर्जा नाही मिळाला तरी काही बिघडत नाही. अ‍ॅमस्टरडॅमचं फ्राये विद्यापीठ आणि ग्रोनिंगन इथे मानवी हालचालींचं शास्त्र शिकता येतं. फिजिओथेरपी, आहारशास्त्र, शारीरिक शिक्षण हे रस्ते आहेतच. स्वतः धावलेली मुलगी या कामांत पुस्तकापलीकडचं काही घेऊन येते. बोलनेही वाखेनिंगनमध्ये विद्यापीठात प्रवेश घेतलाच होता.

राहिला क्लब. बहुतेक ठिकाणी आधी काही दिवस सराव करून बघता येतो. त्या दिवसांत ट्रेनरला चार गोष्टी सरळ विचारा. लहान मुलांबरोबर काम करायला लागणारा चारित्र्याचा दाखला, इथे ज्याला व्हीओजी म्हणतात, तो आहे का? तक्रार ऐकणारी विश्वासाची व्यक्ती क्लबात कोण? मुलींचं वजन करता का, आणि कशासाठी? पाळी थांबली असं मुलीने सांगितलं तर तुम्ही काय कराल? शेवटच्या प्रश्नाला ‘सराव थांबवून तुम्हाला फोन करीन’ असं उत्तर आलं तर नाव नोंदवा. ट्रेनरने हसून विषय टाळला तर दुसरा क्लब बघा; या देशात तो सायकलच्या अंतरावर मिळतो.