वाचकांचे प्रश्न : क्लायंटने पैसे दिले म्हणजे चित्राचे हक्कही त्यांचे?

प्रश्न : मी शहाडला राहते आणि घरूनच ग्राफिक डिझाइनची कामे घेते. सुरतच्या एका साडी व्यापाऱ्यांसाठी लोगो आणि साडीच्या बॉक्सचे डिझाइन केले. सगळे बोलणे व्हॉट्सॲपवर झाले, करार केला नाही. ॲडव्हान्स मिळाला, पण उरलेले ६४,००० रुपये चार महिन्यांपासून थकले आहेत. दरम्यान, मी स्वतःच्या हौसेने काढून इन्स्टाग्रामवर टाकलेले महिला डब्याचे चित्र त्यांनी कापडी पिशव्यांवर छापले. खालची माझी सही कापली आणि रंगही बदलले. विचारले तर म्हणतात, "तुम्ही आमच्याच डिझायनर, पैसे दिलेत, आता सगळे आमचेच." लोगोची मूळ फाइलही मागत आहेत. बँकेत चालू खाते उघडताना मी उद्यम नोंदणी केली होती, पुढे तिचा काही उपयोग केलेला नाही. माझे नेमके हक्क कोणते?
— एक वाचक, शहाड

उत्तर : तुमच्या पत्रात तीन वेगळे विषय आहेत : हौसेचे चित्र, मागणीवरून केलेले काम आणि थकलेले बिल. क्लायंट या तिन्हींची एकच मोट बांधत आहेत. तुम्ही ती सोडवून प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडा.

आधी चित्राचे पाहू. ते कोणी सांगितले म्हणून काढलेले नाही आणि त्याचे पैसेही कोणी दिलेले नाहीत. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्र कागदावर किंवा पडद्यावर उतरले त्या क्षणी हक्क तुमचा झाला. त्यासाठी नोंदणीची अट नाही. इन्स्टाग्रामवर टाकल्यामुळे ते सार्वजनिक मालकीचे होत नाही. लोगोचे काम दिले म्हणून हे चित्र वापरण्याची परवानगी मिळाली, असेही होत नाही.

सही कापणे आणि रंग बदलणे हा आणखी वेगळा मुद्दा आहे. कलम ५७ कलाकाराला दोन नैतिक हक्क देते. कलाकृती आपली आहे हे सांगण्याचा पहिला, आणि आपल्या नावलौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा दुसरा. कॉपीराइट लिहून दिला तरी हे हक्क कलाकाराकडेच राहतात. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचा खटला यासाठी लक्षात ठेवावा. त्यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेले भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले गेले आणि त्याची नासधूस झाली. काम सरकारने सांगितलेले होते, पैसेही सरकारचे होते. तरी २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष सहगल यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सरकारला दिला. तुमच्या चित्राला तर कोणी दमडीही दिलेली नाही, त्यामुळे तुमची बाजू आणखी भक्कम आहे.

आता लोगो आणि बॉक्स. "पैसे दिले म्हणजे हक्क आमचा" हा समज बाजारात पक्का रुजलेला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन करून घेतलेले छायाचित्र, पेंटिंग, व्यक्तिचित्र, एनग्रेव्हिंग किंवा चित्रपट यांचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. पण या यादीत रेखांकन नाही. म्हणून लोगोसारख्या कामात लेखी करार नसेल तर कॉपीराइट सामान्यतः डिझायनरकडे राहतो, आणि ज्या कामासाठी लोगो करून घेतला त्यासाठी तो वापरण्याची मुभा क्लायंटला मिळते. डिजिटल इलस्ट्रेशनला पेंटिंग म्हणायचे की रेखांकन, यावर मात्र वाद होऊ शकतो. तो वाद टाळण्याचा एकच मार्ग आहे : काम सुरू होण्याआधी लिहून घेणे.

हक्क विकायचा असेल तर कलम १९ प्रमाणे तो लेखी आणि सहीनिशीच विकला जातो. मूळ फाइल ईमेलने पाठवली म्हणजे हक्क गेला, असे नाही. तरीही पूर्ण पैसे येईपर्यंत ती देऊ नका. लेखी करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पुढच्या कोटेशनच्या तळाशी एवढ्या ओळी ठेवा :

"पूर्ण रक्कम मिळाल्यावर अंतिम लोगोचा कॉपीराइट जगभरासाठी व कायमचा क्लायंटकडे जाईल. नाकारलेले पर्याय, कच्ची रेखाटने आणि डिझायनरची स्वतःची चित्रे या व्यवहारात नाहीत. झालेले काम डिझायनर स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवू शकेल. दोनपेक्षा जास्त दुरुस्त्यांचे पैसे वेगळे."

याखाली दोघांच्या सह्या घ्या. पोर्टफोलिओची ओळ गाळू नका. हक्क पूर्णपणे विकल्यावर ते काम दाखवण्यासाठीही परवानगी लागू शकते.

तिसरे, थकलेले बिल. इथे तुमची उद्यम नोंदणी कामाला येईल. एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे, लेखी मुदत ठरली नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि ठरली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. नंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. समजा बँक रेट ५.५ टक्के आहे, तर व्याज १६.५ टक्के. ६४,००० रुपयांवर पहिल्याच महिन्याचे ८८० रुपये होतात, आणि चार महिन्यांचे सुमारे ३,६००. शिवाय असे बिल मुदतीत न चुकवणाऱ्या व्यावसायिकाला आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत दाखवता येत नाही. हे त्यांच्या सीएला लगेच कळेल, म्हणून पत्रात जरूर लिहा.

तरीही पैसे आले नाहीत तर एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून सुविधा परिषदेकडे अर्ज करा. क्लायंट सुरतचे असले तरी अर्ज तुमच्या भागातल्या परिषदेकडे चालतो. कॉपीराइटचा दावाही कलम ६२ प्रमाणे तुम्ही जिथे राहता आणि व्यवसाय करता तिथल्या, म्हणजे ठाणे जिल्ह्याच्या न्यायालयात लावता येतो. शहाडहून सुरतच्या खेपा घालण्याची गरज नाही. ज्यांनी उद्यम नोंदणी केलेली नाही त्यांनी ती आजच करावी. ती मोफत आहे, पण आधी होऊन गेलेल्या कामांसाठी नंतरच्या नोंदणीवर विसंबू नये.

आता क्रमाने करा. पिशवीचे फोटो काढा, एक पिशवी विकत घेऊन तिची पावती जपा. चित्राची लेअर असलेली मूळ फाइल, इन्स्टाग्राम पोस्टची तारीख आणि व्हॉट्सॲपवरचे सगळे बोलणे साठवून ठेवा. मग दोन स्वतंत्र पत्रे पाठवा. एक बिलाचे. दुसरे चित्राचे, ज्यात छपाई थांबवण्याची, विकलेल्या पिशव्यांचा हिशेब देण्याची आणि भरपाईची मागणी असेल. पुढे ते चित्र वापरायचे असल्यास परवाना शुल्क किती आणि सही कुठे, हेही त्यातच सांगा. एकाच पत्रात दोन्ही घातले की "बिल देतो, चित्राचे सोडा" अशी तडजोड पुढे येते. पत्रांना उत्तर आले नाही, तर ही कागदपत्रे घेऊन वकिलांना भेटा.

प्रश्न : मी डोंबिवलीत राहतो, एका जाहिरात कंपनीत पूर्ण वेळ इलस्ट्रेटर आहे. रात्री घरी स्वतःची चित्रे काढतो. ती कंपनीची होतात का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक कंपनी असते. नोकरीच्या कामाबाहेर, स्वतःच्या वेळात आणि स्वतःच्या साधनांवर काढलेली चित्रे तुमची. मात्र नेमणूकपत्र नीट वाचा. "नोकरीच्या काळातील सर्व निर्मिती कंपनीची" असे कलम किंवा बाहेरचे काम न घेण्याची अट असेल, तर स्वतःच्या चित्रांना लेखी सूट मागून घ्या. कंपनीचा लॅपटॉप आणि कंपनीच्या नावावरचे सॉफ्टवेअर या चित्रांसाठी वापरू नका.

एवढी काळजी कशासाठी, याचे उत्तर आपल्याच चित्रकारांकडे आहे. दीनानाथ दलाल यांनी असंख्य पुस्तकांची मुखपृष्ठे केली आणि १९४५ मध्ये 'दीपावली' हा स्वतःचा अंकही सुरू केला. १९७१ मध्ये ते गेले. कलाकाराच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे कॉपीराइट टिकतो. म्हणजे त्यांनी ज्या चित्रांचे हक्क स्वतःकडे राखले असतील, ते त्यांच्या वारसांकडे २०३१ अखेरपर्यंत राहतात. तुम्ही रात्री काढलेल्या चित्रांनाही तेवढेच आयुष्य आहे. त्यामुळे मूळ फाइली तारखेसह वेगळ्या ठेवा, आणि ज्या चित्रांवरून पुढे वस्तू छापायच्या असतील त्यांची कॉपीराइट नोंदणी करून घ्या. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर न्यायालय ते प्रमाणपत्र प्रथमदर्शनी पुरावा मानते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी समोरच्यावर येते.