मुलीच्या लसीचा निर्णय

गेल्या महिन्यात एक जोडपे आठवीतल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलीला साधा खोकला होता. औषध लिहून झाले तरी आई उठेना. शेवटी हळूच म्हणाली, "डॉक्टर, पोरीला जरा बाहेर बसू द्या." मुलगी बाहेर गेली. शाळेतल्या बाईंनी पालकसभेत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीबद्दल सांगितले होते. ती द्यावी का, असे बाईंना विचारायचे होते. वडील मात्र मान खाली घालून बोलले, "साहेब, आमच्या घरातलं वळण चांगलं आहे. ही असली लस आम्हाला कशाला?"

हा प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या शब्दांत नेहमी येतो, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

हा कर्करोग ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे होतो. जर्मनीचे डॉ. हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना याच शोधाबद्दल २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे खरे, पण तो इतका सर्वत्र आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होतोच. बहुतेकांचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावते. काही स्त्रियांत तो चिकटून राहतो आणि दहा-वीस वर्षांनी त्याचा कर्करोग होतो. एका पुरुषाशीच संसार केलेल्या बाईलाही तो होतो. आपली मुलगी कितीही सालस असली, तरी होणाऱ्या जावयाची मागची हकिगत कोणी पत्रिकेत लिहून देत नाही. म्हणून वळणाचा आणि लसीचा संबंध जोडू नये. धनुर्वाताची सुई टोचताना आपण मुलाला पडणार आहेस का, असे विचारत नाही.

"मग लग्न ठरल्यावर देऊ," असे वडील म्हणाले. येथेच बहुतेक पालक चुकतात. शरीरात शिरलेल्या विषाणूला ही लस हटवू शकत नाही. ती आधी घ्यावी लागते. शिवाय नऊ ते चौदा या वयात शरीर लसीला उत्तम प्रतिसाद देते. या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. पंधरा पूर्ण झाल्यावर साधारणपणे तीन लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने तर डिसेंबर २०२२ मध्ये या वयासाठी एक डोसही चालेल असे सांगितले.

या एका डोसाची कथा आपल्याच देशातली आहे, आणि तिच्यात माझीही एक चूक आहे. २००९ साली आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत सुमारे २४ हजार मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यातील सात मुली दगावल्याच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला गेला. चौकशीत बुडणे, सर्पदंश, विषबाधा, ताप अशी कारणे निघाली. मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण दुसरी गोष्ट खरी निघाली. अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. ज्यांनी निर्णय घ्यायचा त्यांना विचारलेच नव्हते. लोक बिथरले यात नवल नाही.

मीही बिथरलो. त्या वर्षी विचारायला आलेल्या पालकांना "थोडे थांबा" म्हणून परत पाठवले आणि चौकशीचा निष्कर्ष आल्यावर त्यांना पुन्हा बोलावले नाही. त्या मुली आता लग्न होऊन सासरी गेल्या आहेत.

त्याच सुमारास लसीचा दुसरा एक अभ्यास चालू होता. त्यात आपल्या बार्शी आणि पुण्याच्याही मुली होत्या. तोही मध्येच थांबला, त्यामुळे काही हजार मुलींना एकच डोस मिळाला. त्यांच्याकडे पुढे दहा वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा एका डोसानेही चांगले संरक्षण मिळते असे दिसले. इंग्लंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लसीची संधी मिळालेल्या मुलींत पुढे हा कर्करोग ८७ टक्क्यांनी कमी आढळला. आपल्याकडे दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना तो होतो आणि पाऊण लाखाहून अधिक दगावतात.

लसीने मूल होत नाही, ही अफवा आहे. दंड दुखतो, किंचित ताप येतो, एखादी मुलगी सुई पाहूनच भोवळ येऊन पडते. म्हणून टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटे बसवून ठेवावे. लस घेण्याच्या दिवशी जोराचा ताप असेल, आधीच्या डोसाची ॲलर्जी आली असेल किंवा गर्भधारणा असेल, तर देऊ नये.

राहिला खर्च. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ च्या प्रारंभी निघाली तेव्हा तिची किंमत डोसामागे सुमारे दोन हजार रुपये होती. परदेशी लसी त्याहून महाग. पण खिशात हात घालण्यापूर्वी, आपल्या मुलीच्या वयाला ती सरकारी केंद्रात मिळते का, हे आशाताईंना विचारा.

एवढे बोलून झाल्यावर बाई म्हणाल्या, "माझी आई याच दुखण्यानं गेली. अंगावरून जायचं, वास यायचा. घरात कोणी नाव काढत नव्हतं." वडिलांना हे ठाऊक नव्हते. लग्नाला पंधरा वर्षे झाली होती.

मी बाईंचे वय विचारले. अडतीस. तपासणी कधीच झालेली नव्हती. लस मुलीसाठी, पण तिशीपुढच्या आईने तपासणी करून घ्यायलाच हवी, आणि लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तिशीत ती करायची आहे. आपल्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला. विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. चाचणीला पाच-दहा मिनिटे लागतात, दुखत नाही.

वडील म्हणाले, वार्षिक परीक्षा झाली की पोरीला घेऊन येतो. बाईंना मी जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून दिली. मंगळवारी त्या जाऊन आल्या.