कण्यातील भूल आणि एक दुर्मीळ आघात

प्रौढ माणसाचा मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या वा दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली मज्जातंतूंचा जुडगा असून तो मेरुद्रवात तरंगत असतो. आणखी खालच्या मणक्यांमधून बारीक सुई घालून या द्रवात औषध सोडले, की कमरेखालचे शरीर काही तास बधिर होते. रोगी मात्र जागा राहतो. जर्मन शल्यचिकित्सक आउगुस्ट बीअर याने १८९८ साली ही पद्धत यशस्वीपणे वापरली. औषधाचा अंमल ओसरला, की संवेदना परत येते. क्वचितच ती येत नाही.

१३ ऑक्टोबर १९४७ रोजी इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथे किरकोळ शस्त्रक्रियांसाठी आलेल्या दोघा रोग्यांना एकाच भूलतज्ज्ञाने अशी भूल दिली. दोघांचेही पाय कायमचे लुळे झाले. औषधाच्या काचेच्या कुप्या निर्जंतुक राहाव्यात म्हणून फिनॉलच्या द्रावणात ठेवीत असत. काचेच्या अदृश्य भेगांतून फिनॉल आत झिरपले असावे, हे स्पष्टीकरण न्यायालयाने ग्राह्य धरले. हा धोका त्या काळी वैद्यकाला ज्ञात नव्हता. १९४७ च्या अपघाताकडे १९५४ च्या चष्म्यातून पाहता येणार नाही, असे म्हणून न्यायमूर्ती डेनिंग यांनी भूलतज्ज्ञास निर्दोष ठरविले. घटनेच्या वेळी उपलब्ध असलेले ज्ञान हीच कसोटी भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात मान्य केली.

पुढे काही भूलतज्ज्ञांनी निराळे कारण सुचविले: सुया व पिचकाऱ्या उकळण्याच्या भांड्यातील क्षार काढण्यासाठी वापरलेले आम्ल त्यात राहून गेले असावे. म्हणजे दोष सुईचा नव्हे, औषधाचाही नव्हे. तो स्वच्छतेसाठी केलेल्या उपायातूनच आला असावा. या प्रकरणानंतर ब्रिटनमध्ये ही पद्धत कित्येक वर्षे मागे पडली.

आज एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुयांमुळे तो धोका जवळजवळ उरलेला नाही. तरीही कण्यात रक्ताची गाठ धरून किंवा जंतुसंसर्गाने पू साचून मज्जातंतूंवर दाब येऊ शकतो. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांत गाठीचा धोका अधिक असतो; म्हणून अशी औषधे भूलतज्ज्ञास आधीच सांगावी लागतात. अपेक्षित वेळेनंतरही पाय न हलणे, परत आलेली शक्ती पुन्हा जाणे, बैठकीची जागा बधिर राहणे, लघवी अडणे आणि पाठीत तीव्र वेदना होणे ही त्याची लक्षणे होत. भूल अजून उतरली नसेल, असे मानून वाट पाहणे येथे घातक ठरते. गाठीचा दाब काही तासांत दूर केला, तर पाय वाचण्याची शक्यता पुष्कळ असते. उशीर झाल्यास ती झपाट्याने मावळते.