झाडूच्या दांड्याने चालू झालेला पंप

1 सप्टेंबर 2021 च्या रात्री आयडा वादळाचा उरलासुरला पाऊस न्यू जर्सीवर कोसळला. नेवार्कला दिवसभरात आठ इंचांहून जास्त पडला. सव्वीस जुलैचे 944 मिलिमीटर सोसलेल्या मुंबईकराला आकडा लहान वाटेल, पण यातला बराचसा पाऊस मोजक्या तासांत आला. आमच्या बेसमेंटचा दिवा लावला तर घोटाभर पाणी. वीज होती, जमिनीतल्या खड्ड्यात साचणारं पाणी बाहेर फेकणारा पंप होता, तरी आवाज नव्हता. टॉर्च मारला तेव्हा दिसलं, पाण्यावर तरंगत वर येऊन पंप चालू करणारा फ्लोट खड्ड्याच्या भिंतीला टेकून स्वतःच्याच वायरीत अडकला होता. झाडूच्या दांड्याने ढोसला आणि मोटर त्या क्षणी सुरू झाली. (करंट चालू असताना पाण्यात उतरायला नको होतं. तुम्ही उतरू नका.)

तोवर आईच्या आंतर्देशीय पत्रांची पेटी भिजली होती. निळी शाई कागदभर पसरलेली. बायकोने एकेक पत्र टॉवेलवर पसरून सुकवलं. काही वाचता येतात, काही नाहीत. त्यानंतर नवा पंप घेताना जे शिकलो, ते लिहून ठेवतो आहे.

1. आधी फ्लोट बघा, मग मोटर. आमची मोटर ठणठणीत होती, दगा दिला तो स्विचने. वायरीला बांधलेला फ्लोट हलायला जागा मागतो. अरुंद खड्ड्यात दांडीवर वरखाली सरकणारा फ्लोट बरा. मी त्याच्यावर दुसरा फ्लोटही बसवून घेतला, पहिला अडकला तर दुसरा पंप चालू करतो.

2. हॉर्सपॉवरच्या मागे धावू नका. दुकानात मला अर्धा हॉर्सपॉवरचा घ्या म्हणून आग्रह झाला. मी घरी येऊन हिशेब केला. गोल खड्ड्याची रुंदी अठरा इंच असेल तर एक इंच पाणी म्हणजे जेमतेम 1.1 गॅलन. जोराच्या पावसात पंप मिनिटभर बंद ठेवून पट्टीने मोजलं, पाणी दहा इंच चढलं. म्हणजे मिनिटाला अकरा गॅलन, तासाला साडेसहाशेच्या आसपास. एक तृतीयांश हॉर्सपॉवरचा चांगला पंप दहा फूट उंचीवरही याच्या कितीतरी पट पाणी फेकतो. गरजेपेक्षा मोठा पंप लहान खड्डा काही सेकंदांत रिकामा करतो आणि सतत चालू-बंद होऊन लवकर मरतो. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा शून्य उंचीचा असतो. आपलं पाणी बेसमेंटमधून वर चढायचं असतं, म्हणून दहा फुटांचाच आकडा विचारा.

3. बिडाचा घ्या. प्लास्टिकचा स्वस्त पडतो, पण बिडाचं अंग मोटरची उष्णता भोवतालच्या पाण्यात सोडतं. रात्रभर चालायची वेळ आली की हा फरक कळतो.

4. पाइपात चेक व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वर चढलेलं पाणी परत खड्ड्यात येतं आणि पंप तेच पाणी पुन्हा उपसत बसतो. व्हॉल्व्हच्या खाली पाइपाला बारीक भोक लागतं, कारण हवा कोंडली की पंप नुसता गुरगुरतो, पाणी चढत नाही. काही पंपांना ते मुळातच असतं. बसवणाऱ्याला विचारून घ्या.

5. वादळ येतं तेव्हाच वीजही जाते. 2012 च्या सँडीत इथल्या कित्येक घरांत दिवसेंदिवस अंधार होता. त्यामुळे बॅटरीवरचा दुसरा पंप मी चैन मानत नाही. बॅटरी डीप सायकल घ्यावी, गाडीची चालत नाही. नगरपालिकेच्या पाण्याच्या दाबावर चालणारा पंपही मिळतो. त्याला वीज लागत नाही, पण दोन गॅलन उपसायला साधारण एक गॅलन नळाचं पाणी खर्च होतं. घरची विहीर असेल तर त्याचा उपयोग नाही, कारण वीज गेली की विहिरीचा पंपही बंद.

6. बाहेरचा पाइप पायापासून निदान दहा फूट लांब न्या. शेजारच्यांनी भिंतीलगतच सोडला होता. तेच पाणी मुरून पुन्हा त्यांच्या खड्ड्यात यायचं.

7. विम्याचे कागद आजच काढा. नेहमीच्या घरविम्यात पंप बंद पडून शिरलेलं पाणी सहसा धरत नाहीत, त्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागते. मला हे नंतर कळलं.

8. कोकणात आमच्याकडे मृगाआधी कौलं परतायचे. तसं मी मार्चमध्ये बर्फ वितळताना आणि ऑगस्टमध्ये वादळांच्या आधी खड्ड्याचं झाकण उघडतो. तळाचा गाळ आणि खडे काढतो, दोन बादल्या पाणी ओततो. फ्लोट उचलला जातो, मोटर घुमते, पाणी खाली जातं आणि शेवटी व्हॉल्व्ह ‘ठक्’ करून मिटतो. तो आवाज ऐकल्याशिवाय मी झाकण लावत नाही. पत्रांची पेटी आता वरच्या मजल्यावर, कपाटात आहे.