सगळा दोष उन्हाचा नसतो

हे बघ, तिकडे भामरागडला असो की इथं चंद्रपुरात, लॅपटॉप तापला की जो तो एकच सांगतो, "उन्हाळा आहे बाप्पा, तापणारच!" आणि तू ते ऐकून घेतेस, हे मला पटत नाही. ऊन खोटं नाही. मे 2019 मध्ये आपल्या चंद्रपूरचा पारा 47 च्याही वर गेला होता, आणि बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात 35 अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं. म्हणजे आपला निम्मा उन्हाळा तसाही त्या कागदाबाहेरचा. पण त्यामुळंच इथं एखादा भाग खरोखर बिघडला आहे हे कळायला फार उशीर होतो. थंड गावात तोच लॅपटॉप लगेच दुकानात गेला असता, आपल्याकडे तो नवतपा संपायची वाट बघत बसतो.

म्हणून आधी उन्हालाच बाजूला काढ. पहाटे, तुझं दाखल्यांचं केंद्र उघडायच्या कितीतरी आधी, लॅपटॉप टेबलावर ठेव. गादीवर नको, गादी खालची जाळी बंद करते. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते सुरू कर आणि रोजचं जड काम लाव. त्या गारव्यातही आकडा पाच-सात मिनिटांत शंभराला टेकला आणि यंत्र रांगायला लागलं, तर ऊन निर्दोष सुटलं. प्रोसेसर जळू नये म्हणून त्या तापमानाला स्वतःचा वेग कमी करतो. तू ज्याला "हँग झाला" म्हणतेस ना, ते पुष्कळदा हेच असतं.

आता हवा बाहेर सोडणाऱ्या जाळीपाशी हात धर. पंखा फिरतच नसेल तर पंखा गेला, विषय संपला. हवा चटका देणारी पण अगदी थोडी येत असेल तर आत धूळ कोंबली आहे. आमच्याकडे खाणींची आणि वीज केंद्राची काळी धूळ असते, तुमच्याकडे लाल माती, काम एकच करतात. पण पंखा जीव खाऊन फिरतोय, हवा भरपूर येतेय, ती खोलीतल्या हवेपेक्षा जेमतेम कोमट, आणि पडद्यावर आकडा 98? मग उष्णता चिपवरच अडकली आहे, जाळीमागच्या बारीक पत्र्यांपर्यंत पोचतच नाही. एक तर चिप आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून नेणारा भाग) यांच्या मधली पेस्ट वाळली, नाहीतर हीटसिंकची नळीच मेली. दुकानदार आधी पेस्ट बदलतो, ते योग्यच आहे, स्वस्तातलं काम आहे. पण नवी पेस्ट नीट लावूनही हवा कोमटच राहिली, तर पुन्हा पेस्टीला पैसे देऊ नकोस.

नळी मरते म्हणजे काय होतं, सांगू? मोहाची भट्टी आठव. (तुमच्या जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, म्हणून हळूच सांगते.) खाली जाळ, वाफ वर जाते, वरच्या गार भांड्याला लागून तिचे थेंब होतात. त्या चपट्या तांब्याच्या नळीत हेच चालू असतं, फक्त मोहाऐवजी थोडंसं पाणी. आतली हवा काढून टाकलेली असते, म्हणून ते पाणी कमी तापमानालाच उकळतं. वाफ पत्र्यांकडच्या टोकाला जाऊन निवते आणि नळीच्या आतल्या तांब्याच्या सच्छिद्र थरातून पाणी पुन्हा चिपकडे झिरपतं. भट्टीच्या सांध्याची माती निघाली तर हाती काय येणार? नळीला बारीक चीर गेली, ती वाकली, दबली, की तेच. बाहेरून सगळं चकचकीत, आत काही नाही. हा भाग दुरुस्त होत नसतो, बदलावाच लागतो.

मागवताना लॅपटॉपच्या नावावर जाऊ नकोस. एकाच मॉडेलमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्याचा हीटसिंक निराळा, नसलेल्याचा निराळा. जुन्यावरच्या चिकटपट्टीवर भाग क्रमांक असतो, त्याचा फोटो काढ आणि नळ्या मोजून नव्याच्या फोटोशी ताडून बघ. स्वस्त नकलेत कधी एक नळी कमीच असते. आणि हे मे महिन्यातच कर गं. पर्लकोटा नदीला पूर आला की तुमचा रस्ता बंद, आणि तेव्हाच पोरं दाखल्यांसाठी दारात उभी असतात. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र काहीच उघडू नकोस, कंपनीला कळव. टचपॅड वर उचललेलं किंवा बूड फुगलेलं दिसलं तरीही थांब, ती बॅटरी फुगली आहे आणि ते काम दुकानातलंच.

बसवणं तसं अवघड नाही. चार्जर काढायचा, आतून बॅटरीची पिन सोडवायची, मगच पुढे. पंख्याची वायर सोडव. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ आकडे कोरलेले असतात. काढताना उलट्या क्रमानं, लावताना सुलट्या, आणि प्रत्येक थोडा थोडा. एक कोपरा पूर्ण आवळलास तर चिपची कड तुटू शकते. हीटसिंक उपटायचा नाही, हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सुटा करायचा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूस. नवी पातळच लाव, जास्त लावली म्हणून जास्त गार होत नाही. आजूबाजूच्या चिपांवर मऊ पट्ट्या असतात, त्यांची जाडी ठरलेली असते, त्यांच्या जागी पेस्ट थापू नकोस. नव्या हीटसिंकच्या खालची प्लास्टिकची पापुद्री काढलीस ना, ते दोनदा बघ. आणि काही झालं तरी नळीला धरून उचलायचं नाही.

मग पुन्हा पहाटे तेच काम लावून आकडा बघ. आधीपेक्षा ठळक उतरला आणि जाळीतून चांगली गरम हवा आली, तर जमलं. गरम हवा आली म्हणून घाबरू नकोस, तीच हवी होती. दुपारी कूलरची झुळूक अंगावर आली तर चालेल, पण लॅपटॉप त्याच्या अगदी तोंडाशी नको, पाण्याचे तुषार आत जातात. आकडा उतरलाच नाही तर पुन्हा उघडण्याआधी मला फोन कर, रात्री नवानंतर, पोरं झोपलेली असतात.